बसस्थानकामागची खोली: दोन रात्रींच्या मुक्कामाचं एक प्रकरण

परभणीची माझी मावशी, काका आणि मावसबहीण मार्च संपता संपता छत्रपती संभाजीनगरला दोन रात्रींसाठी आले होते. मुख्य काम एकच, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात बहिणीची मुलाखत. त्याला जोडून वेरूळ बघायचं, कारण मावशीने आयुष्यभर ते फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. काकांचं वय सदुसष्ट, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, डावा गुडघा दुखरा. राहण्यासाठी त्यांनी काढून ठेवलेले पैसे साडेतीन हजार, आणि शहरातल्या रिक्षाही त्यातच.

मी याच शहरात, उस्मानपुऱ्यात मैत्रिणींबरोबर कॉट बेसिसवर राहते. आमच्या मालकीणबाईंकडे पाहुणा रात्री थांबलेला चालत नाही, त्यामुळे त्यांना ठेवून घेण्याचा प्रश्नच नव्हता. लॉज शोधायचं काम मात्र माझ्याकडे आलं. ते करताना जे विचारलं, पाहिलं आणि ठरवलं ते सगळं इथे लिहिते आहे. तीन-चार हजारांत दोन रात्री काढायची वेळ मराठवाड्यातल्या कितीतरी घरांवर येते. कुणी घाटीत, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात, पेशंट घेऊन येतं, कुणी हायकोर्टाच्या तारखेला, कुणी परीक्षेला. आणि या निवडीबद्दल कुणी कुणाला नीट सांगत नाही.

पहिली अडचण लॉजची नव्हती, नात्याची होती. काकांचे चुलतभाऊ वाळूजला कंपनीत आहेत. काकांना तिकडेच उतरायचं होतं. फोनवर त्यांचा आवाज चढलाच, "गावात आपलं माणूस असून लॉजवर कुठं उतरायलाव? लोक काय म्हणतील?" हा मुद्दा मी हसून उडवला नाही, कारण तो खरा आहे. आपल्याकडे पाहुण्याने बाहेर मुक्काम केला तर यजमानाला तो कमीपणा वाटतो. पण वाळूजहून विद्यापीठ म्हणजे शहराची एक बाजू सोडून दुसऱ्या टोकाला जाणं, त्यात सकाळी कंपन्यांच्या बसगाड्या आणि दुचाक्यांची गर्दी. शिवाय त्या घरात दोन खोल्या, पाच माणसं, आणि चुलतभाऊ रात्रपाळीला. मी चुलतकाकूंनाच फोन लावला. त्या मोकळेपणाने म्हणाल्या, "बाई, मुलाखतीच्या आदल्या रात्री पोरीला झोप लागली पाहिजे. इथं रात्री दोनला दार वाजतंय. तुम्ही तिकडंच उतरा, मी डबा घेऊन येते." त्यांनी सांगितल्यावर काकांचा विरोध मावळला. ज्यांना वाईट वाटेल असं आपण धरून चालतो त्यांनाच आधी विचारलं तर बऱ्याचदा अवघडलेपण राहत नाही.

दुसरी अडचण वाराची. त्यांचा मूळ बेत असा: रविवारी यायचं, सोमवारी मुलाखत द्यायची, मंगळवारी वेरूळ पाहून परत जायचं. पण वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. (अजिंठा सोमवारी बंद असतो. या दोन वारांची अदलाबदल अनेकांच्या डोक्यात होते.) घृष्णेश्वराचं दर्शन मंगळवारीही झालं असतं, पण मावशीला कैलास लेणं बघायचं होतं. म्हणून बेत उलटा केला. शनिवारी दुपारी यायचं, रविवारी वेरूळ, सोमवारी मुलाखत आणि संध्याकाळच्या गाडीने परत. याची किंमत अशी की दोनपैकी शनिवारची रात्र महाग झाली. पर्यटकांचं गाव, त्यात लग्नसराई. शनिवार-रविवारी भाव सोमवार-मंगळवारचा राहत नाही, आणि दाट तिथी असेल तर वऱ्हाडासाठी अख्खे मजले आधीच घेतलेले असतात. तारीख पक्की होण्याआधी लॉज शोधायला लागलं की सगळा शोध दोनदा करावा लागतो, म्हणून मी वार नक्की होईपर्यंत एकही फोन केला नव्हता.

आता जागेचं. जवळजवळ प्रत्येक लॉजची जाहिरात 'शहराच्या मध्यभागी' असं सांगते. या शहराला एक मध्य नाहीच. दरवाज्यांच्या आतलं जुनं शहर, म्हणजे गुलमंडी, सिटी चौक, शहागंज, हा एक मध्य. क्रांती चौक हा दुसरा. जालना रोडवर सिडकोकडे नव्या दुकानांचा, दवाखान्यांचा आणि ऑफिसांचा तिसरा. रेल्वे स्टेशन दक्षिणेला, आणि त्याच्याभोवती लॉजची वेगळीच वस्ती. तेव्हा मध्य कुठला, हे आपल्या कामावरून ठरवावं लागतं. मी कागदावर त्यांची चार ठिकाणं लिहिली: स्टेशन, वेरूळची एसटी जिथून मिळते ते मध्यवर्ती बसस्थानक, विद्यापीठ, आणि रात्रीचं जेवण. मग लक्षात आलं की यांचा अख्खा मुक्काम एका उभ्या रेषेवर आहे. स्टेशनवरून निघालं की महावीर चौक, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेला बाबा पेट्रोल पंप, पुढे मध्यवर्ती बसस्थानक, मिल कॉर्नर, भडकल गेट, आणि तिथून वर बेगमपुऱ्याकडे विद्यापीठ. रेषेचा मधला बिंदू बसस्थानक.

तरीही नकाशावरचा मध्यबिंदू म्हणून ती जागा निवडली असं नाही. मी बहिणीला विचारलं, या दोन दिवसांत चुकून चालणार नाही असा तास कोणता? ती लगेच म्हणाली, सोमवारी आठ ते अकरा. बाकी सगळीकडे अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे झाला तरी चालत होतं. गाडी उशिरा आली असती, वेरूळची एक एसटी चुकली असती, तरी दुसरी होती. सोमवारची सकाळ मात्र नीट गेली पाहिजे: रात्रीची झोप, गरम पाणी, वेळेवर रिक्षा, आणि मुलाखत संपेपर्यंत आई-वडिलांना बसायला जागा. पुढचा प्रत्येक पर्याय मी या तासावर तपासला. भाडं त्यानंतर.

चार पर्याय उरले. नावं देत नाही.

पहिला स्टेशनजवळचा. डबल बेडची खोली नऊशे, जादा गादी अडीचशे, म्हणजे तिघांचे रात्रीला साडेअकराशे. गाडीतून उतरून चालत पोचता येतं. चेक-आऊट दुपारी बाराला. दुसरा बसस्थानकाच्या मागच्या गल्लीतला, समर्थनगरच्या बाजूचा, तीन पलंगांची नॉन-एसी खोली चौदाशे आणि जीएसटी, चेक-आऊट चोवीस तासांचं. तिसरा गुलमंडीजवळ, सगळ्यांत स्वस्त, तिघांचे आठशे. चौथा जालना रोडवर सिडकोच्या बाजूला, सोळाशे, त्यात सकाळचा नाश्ता, लिफ्ट, स्वच्छ लॉबी.

चौथा मला मनापासून आवडला होता. पण तिथून बसस्थानक, विद्यापीठ आणि स्टेशन तिन्ही लांब. प्रत्येक कामासाठी जालना रोडच्या रहदारीतून येणं-जाणं आणि दर वेळी रिक्षाचे दीड-दोनशे. नाश्त्याचे वाचलेले पैसे पहिल्याच फेरीत गेले असते. तिसरा पायऱ्यांवरून बाद झाला. दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद, आणि संडास भारतीय पद्धतीचा. काकांचा गुडघा वाकत नाही, त्यांना कमोड लागतोच. हा प्रश्न फोनवर विचारायला लोक संकोचतात आणि मग खोलीत गेल्यावर म्हाताऱ्या माणसाचे हाल होतात. मी प्रत्येक ठिकाणी हेच सगळ्यांत आधी विचारलं. याशिवाय शनिवारी संध्याकाळी गुलमंडी-औरंगपुऱ्याच्या बाजारात एवढी गर्दी असते की रिक्षा दारापर्यंत येईलच असं नाही. तरुण मुलं असती, हिंडायचं-खायचं असतं, तर मी तिसराच सुचवला असता. रात्री उशिरापर्यंत जाग असलेला तो भाग आहे, नान-खलिया खायला कुणी रिक्षा करून येतं, तिथे पायी जाता येतं.

उरले पहिला आणि दुसरा. इथे मी हिशेब मांडला, भाड्याचा एकट्याचा नव्हे, मुक्कामाचा.

स्टेशनजवळ दोन रात्रींचे तेवीसशे. त्यावर रविवारी बसस्थानकाला जाण्या-येण्याचे रिक्षाचे दोनशे, सोमवारी विद्यापीठाला जाण्या-येण्याचे चारशे. एकूण २,९०० रुपये. बसस्थानकामागे दोन रात्रींचे अठ्ठावीसशे, पाच टक्के जीएसटी १४०, स्टेशनवरून येण्याचे शंभर, विद्यापीठाचे जाऊन-येऊन २४०, परत स्टेशनला शंभर. एकूण ३,३८०. म्हणजे पहिला ४८० रुपयांनी स्वस्त. दुसरा स्वस्त पडेल असं मला वाटत होतं, तसं झालं नाही.

मग चेक-आऊट. गाडी शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास येणार. चोवीस तासांच्या हिशेबाने दुसऱ्या लॉजमधली खोली सोमवारी दुपारी अडीचपर्यंत आपली. पहिल्यात सोमवारी बाराला खोली सोडायची, आणि मुलाखत अकराला. बारानंतर थांबायचं तर अर्ध्या दिवसाचं भाडं, ५७५ रुपये. ते धरलं की पहिला लॉज ३,४७५ वर जातो आणि स्वस्तपणा संपतो. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर ते अर्ध्या दिवसाचे पैसे टाळता आले असते. सकाळीच खोली सोडून सामान काउंटरवर ठेवता आलं असतं, मॅनेजर हो म्हणाला होता. फक्त मग काका-मावशींनी मार्चच्या उन्हात दुपारभर कुठे बसायचं? फलाटावर? प्रश्न असा उरला: ४८० रुपये देऊन सोमवारची दुपार आणि सकाळ विकत घ्यायची का? मी मावशीला तसंच सांगितलं, आकड्यांसकट. ती म्हणाली, "पोरीच्या कामाला आलोय, तिथं कशाला पाचशे बघायचे." दुसरा ठरला.

एक गोष्ट हिशेबात पकडायची राहून जाते, ती एसटीची. राज्यात महिलांना एसटीत अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून आहे, आणि पासष्ट ते पंचाहत्तर वयाच्या ज्येष्ठांनाही अर्धं तिकीट. म्हणजे या तिघांचंही वेरूळला अर्ध्या तिकिटात जाणं होणार होतं. वेरूळ इथून तीसेक किलोमीटर, कन्नड-चाळीसगावकडच्या गाड्या तिथून जातात. खाजगी गाडी केली असती तर तिचं एका दिवसाचं भाडं लॉजच्या एका रात्रीपेक्षा जास्त झालं असतं. बसस्थानकाशेजारी उतरण्याचा फायदा इथे आहे: पहाटे उठून पायी जायचं आणि मिळेल त्या पहिल्या गाडीत बसायचं. आधार कार्ड मात्र प्रत्येकाने जवळ ठेवावं. ज्येष्ठांच्या सवलतीलाही ते उपयोगी पडतं आणि लॉजच्या रजिस्टरलाही. झेरॉक्स देताना पहिले आठ आकडे झाकलेलं, म्हणजे मास्क केलेलं आधार डाउनलोड करून त्याची प्रत दिलेली बरी.

आता भाड्याबद्दल. बुकिंगच्या अ‍ॅपवर हीच खोली १,२५० ला दिसत होती. ते पाहून बहिणीने मला स्क्रीनशॉट पाठवला, "ताई, तुझ्यापेक्षा स्वस्त मिळतंय." पण तो भाव दोघांचा होता. तिसरं माणूस टाकलं की चारशे वाढत होते, वर कर आणि आणखी कसलंसं शुल्क. शेवटच्या पानावरचा आकडा चौदाशेच्या बराच पुढे गेला. यावरून थेट फोन नेहमीच स्वस्त असं म्हणणार नाही. गर्दी नसलेल्या दिवसांत अ‍ॅपवर खरोखर कमी भाव मिळतो, आणि बुकिंग रद्द करायची मुभा फोनवर कुणी देत नाही. अ‍ॅप मी वेगळ्याच कामासाठी वापरलं, अलीकडचे अभिप्राय वाचायला. पाच तारेवाले आणि एक तारेवाले सोडून दोन-तीन तारे देणारे काय लिहितात ते वाचलं. तिथे तीन जणांनी एकच गोष्ट लिहिली होती: रस्त्याकडच्या खोल्यांत झोप लागत नाही. फोटोंत ते कुठून दिसणार?

म्हणून प्रत्यक्ष जाऊन खोली पाहिली. शक्य असेल तर हे करावंच, नाही तर शहरातल्या कुणाला तरी अर्ध्या तासासाठी पाठवावं.

काउंटरवरच्या माणसाने आधी रस्त्याकडची खोली दाखवली. मोठी खिडकी, भरपूर उजेड. खिडकी उघडली आणि बसस्थानकावरची उद्घोषणा जशीच्या तशी आत आली, मागोमाग हॉर्न. मागच्या बाजूची दाखवा म्हटलं. ती लहान निघाली, खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची भिंत, पण वरून मोकळी. हे वरून मोकळं असणं महत्त्वाचं, कारण खोलीत कूलर होता. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर उत्तम चालतो, पण हवा बाहेर जायला वाट असेल तरच. बंद खोलीत तो नुसता दमटपणा करतो, चादरीसुद्धा ओलसर लागतात. एसीचे पाचशे जास्त पडत होते. खोली पहिल्या मजल्यावर, डोक्यावर आणखी दोन मजले. वर गच्ची असलेली खोली असती तर मी एसी घेतला असता, कारण स्लॅब दिवसभर तापतो आणि मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो. इथे कूलर पुरला.

बाथरूममध्ये नळ सोडला. आधी थोडं गढूळ, मग स्वच्छ. नळाच्या तोंडाशी पांढरा क्षार बसलेला, शॉवरची अर्धी भोकं त्याने बुजलेली. बोअरचं किंवा टँकरचं पाणी. या शहराला पाणी जायकवाडीहून येतं, आणि अनेक भागांत नळाला ते काही दिवसांच्या अंतराने येतं. त्यामुळे लॉजमधलं पाणी म्हणजे लॉजची टाकी आणि टँकर. 'पाणी आहे ना?' असं विचारलं तर उत्तर 'चोवीस तास' असंच मिळतं. मी विचारलं, "टँकर कधी येतो आणि मोटर कधी लावता?" प्रश्न बदलल्यावर उत्तरही खरं मिळालं. मॅनेजर म्हणाला, सकाळी सहा ते नऊ पाणी जात नाही, दुपारी मात्र वरची टाकी संपली तर मोटर लावून भरेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागतं, बादली भरून ठेवा. खरं सांगणारा माणूस दिसला की माझा निम्मा निर्णय होतो. गरम पाण्याला सोलर होतं, सकाळपुरतं. सोमवारी सात वाजता पाणी गरम मिळेल का, हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

मावशीचा एक प्रश्न तिने मला हळू आवाजात फोनवर विचारला होता: "लॉज बरं आहे ना गं? फॅमिलीचं?" लॉज म्हटलं की आपल्याकडे घरातल्या बायकांच्या मनात ही शंका असतेच आणि ती रास्त आहे. मी तीन गोष्टी पाहिल्या. खाली परमिट रूम आहे की जेवणाचा हॉल. इथे शाकाहारी थाळीचं भोजनालय होतं, दुपारी त्यात बायका-मुलं जेवत होती. जिन्यावर आणि पॅसेजमध्ये दिवे चालू आहेत का. आणि दाराला आतून कडी आहे का, नुसतं गोल मुठीचं कुलूप नव्हे. पलंग भिंतीला टेकून, पॅसेजमध्ये कॅमेरा, काउंटर रात्रभर उघडं. ठीक होतं. अजून एक विचारलं: जवळ मंगल कार्यालय आहे का? लग्नसराईत त्याचा फरक रस्त्यापेक्षा जास्त पडतो. लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी असली तरी दहाच्या आधीचे दोन तास आणि पहाटे चारला सुरू होणारी वऱ्हाडाची लगबग कोण थांबवणार? जवळ नव्हतं.

पाचशे रुपये यूपीआयने अ‍ॅडव्हान्स दिले आणि लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवलं: शनिवार आणि सोमवारची तारीख, मागच्या बाजूची पहिल्या मजल्यावरची खोली, तीन माणसं, चौदाशे, चोवीस तास चेक-आऊट. खाली 'ओके' आल्यावर निघाले. या एका ओकेची पुढे गरज पडली. शनिवारी काउंटरवर वेगळा मुलगा होता आणि मागची खोली वऱ्हाडाला देऊन टाकलेली. काका 'जाऊ द्या, समोरची घेऊ' म्हणायला लागले होते. मावशीने फोन पुढे केला, मेसेज दाखवला, मॅनेजरला बोलावलं. दहा मिनिटांत मागचीच शेजारची खोली मिळाली.

खोलीत शिरल्यावर सामान ठेवायच्या आधी मावशीने जे केलं ते मी पाहत उभी होते. तिने चादरीचा कोपरा उचलून गादीची शिवण पाहिली, ढेकणांसाठी. फ्लश ओढला. बादलीत पाणी सोडून पंखा पाचवर केला आणि खाली एक करून पाहिला. कडी लावली, दार ओढलं. उशीचा वास घेतला आणि दोन अभ्रे बदलून मागितले. सगळं होईपर्यंत रूमबॉय उभा होता, तोपर्यंत काका खुर्चीवर बसलेसुद्धा नव्हते. नंतर तक्रार करण्यापेक्षा हे बरं. सामान पसरल्यावर खोली बदलून मागणं जमत नाही.

रविवारची सकाळ बेतासारखी गेली. साडेसहाला तिघं पायी बसस्थानकावर, ऊन चढायच्या आत लेण्यांत. तिकीट माणशी चाळीस रुपये. काकांनी सोळा नंबरचं कैलास लेणं आणि त्याच्या आसपासचीच पाहिली, बाकीचं झाडाखाली बसून. दर्शन करून अडीचपर्यंत ते खोलीत परत. दुपारी पाणी गेलंच, पण बादली भरलेली होती. संध्याकाळी वाळूजहून चुलतकाका-काकू डबा घेऊन आले, ज्वारीच्या भाकरी, ठेचा, वांग्याचं भरीत. खोलीतच पंगत बसली. काकांच्या मनातला 'लोक काय म्हणतील' तिथे पुसला गेला असावा, कारण चुलतकाकाच म्हणाले, "बरं झालं इथं उतरलात, निवांत भेट तरी झाली." रात्री नऊच्या सुमाराला समोरच्या रस्त्यावरून डीजे लावून एक वरात गेली. मागच्या खोलीत दणका जाणवला, पण एकमेकांचं बोलणं ऐकू येत होतं. डास होते. मशीन मागितल्यावर मिळालं, ते आधीच मागायला हवं होतं.

सोमवारी सातला गरम पाणी आलं. रिक्षावाल्याने विद्यापीठाचे दीडशे घेतले, सकाळच्या घाईत घासाघीस केली नाही. बहीण साडेदहाला विभागात होती. पण तिचा नंबर लागला एक वाजता. तेवढा वेळ काका-मावशी खोलीत होते. मावशीने झोप काढली, काकांनी पेपर वाचला, खाली जाऊन थाळी खाल्ली. बहीण दोन वाजता परतली, हातपाय धुतले, जेवली, आणि अडीचला खोली सोडून सामान काउंटरवर ठेवलं. ते ४८० रुपये या चार तासांसाठी दिले होते आणि मला ते अजिबात जास्त वाटत नाहीत.

बिलावर एक वळण आलं. अठ्ठावीसशेवर बारा टक्के, ३३६ रुपये जीएसटी लावलेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोज साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर पाच टक्के आहे. मी तसं सांगितलं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "कॉम्प्युटरमध्ये असंच आहे." मॅनेजर आला, त्याने जुना दर बदलायचा राहिला असल्याचं मान्य केलं आणि १४० ची पावती दिली. १९६ रुपयांचा फरक. बिलावर जीएसटी क्रमांक आहे का तेही पाहावं. नोंदणी नसलेल्या लॉजला हा कर लावताच येत नाही. आणि 'सर्व्हिस चार्ज' म्हणून कुणी आपोआप वर काही लावलं तर ते काढायला सांगता येतं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ४ जुलै २०२२ च्या सूचना तशाच आहेत.

शेवटचा हिशेब: खोलीचे २,९४०, रिक्षांचे स्टेशनवरून ऐंशी, विद्यापीठाला दीडशे, परत शंभर, स्टेशनला शंभर. ३,३७० रुपये.

हेच कुटुंब दुसऱ्या कामाला आलं असतं तर माझी निवड बदलली असती. पहाटेची गाडी पकडायची असती तर स्टेशनजवळचा पहिला लॉज निर्विवाद, कारण तेव्हा अवघड तास पहाटे चारचा असतो आणि त्या वेळी रिक्षा शोधणं म्हातारपणी परवडत नाही. घाटीत पेशंट असता तर बसस्थानक ते भडकल गेट एवढाच पट्टा, त्यातही पायी अंतराचा लॉज, कारण रात्री दोनला डॉक्टरांनी बोलावलं तर जाता आलं पाहिजे. अजिंठ्याला जायचं असतं तर सोमवार टाळून, आणि शंभर किलोमीटरचा रस्ता असल्याने पुन्हा बसस्थानकाजवळच. आणि हायकोर्टाच्या तारखेला येणाऱ्यांना मी जालना रोडवरचा तो चौथाच सांगते. खंडपीठ त्याच रस्त्यावर आहे, साडेदहाला वकिलांना भेटायचं असतं, कागदांची पिशवी घेऊन लिफ्टने खाली उतरता येतं. तिथे सोळाशे रुपये महाग नाहीत. परवा काकांच्या शेजाऱ्यांचा फोन आला होता, जमिनीच्या दाव्याची तारीख लागली आहे, दोघं येणार आहेत. त्यांनाही मी आधी वार आणि वेळ विचारली. मग लॉज.